देणाऱ्याचं ‘ले’, घेणाऱ्याचं ‘ले’

माझं लग्न एका प्रत्ययावर अडलं होतं, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. व्याकरण शिकवून शिकवून बाई खुळावली, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसतं. हसू द्या. पत्रिकेवर अडलेली, हुंड्यावर अडलेली, नवऱ्यामुलाच्या आत्याच्या रुसव्यावर अडलेली लग्नं मी नागपुरात पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या मानाने माझं कारण बरंच सुसंस्कृत होतं.

आमचे बाबा सरकारी रस्ते खात्यात ओव्हरसियर होते. मी शाळेत असताना त्यांना नेपाळला पाठवलं. आपलं सरकार तिथे सरहद्दीपासून आत, डोंगरातून, एक रस्ता बांधून देत होतं. बांधून देत होतं म्हणजे पैसा आपला, इंजिनिअर आपले, सिमेंट आपलं आणि डोंगर त्यांचे. त्याच सुमाराला पलीकडच्या अंगाने चिनी लोक त्यांना दुसरा रस्ता बांधून देत होते. दोन मोठी घरं, मध्ये एक लहान घर, आणि दोन्ही मोठी घरं त्या लहान घराच्या अंगणात फरशी घालून द्यायला निघालेली, तीही फुकट. फुकट कोण काय देतं, हा प्रश्न आमच्या घरात तेव्हा कोणी विचारला नाही. बाबांनी तर मुळीच नाही.

ते वर्षातून एकदा घरी यायचे. परत जाताना आई त्यांच्या ट्रंकेत भिवापूरची मिरची कोंबायची, कारण तिकडच्या मिरचीला नुसताच जाळ आहे, चव नाही, असं तिने न चाखताच ठरवलं होतं. घरी असले की बाबा जेवताना ताटातल्या वरणात बोट फिरवून रस्त्याची वळणं काढून दाखवत. इथे खडक फोडला, इथे पूल टाकला, इथे नदीने दोनदा हाकलून दिलं. आई म्हणायची, “जेवा आता. वरनाची नदी करून राहिले.” पण ती ऐकायची सगळं. शेजारच्या बायकांना सांगताना तर तो रस्ता आईनेच बांधलाय की काय असं वाटावं. बाबा त्याला ‘माझा रस्ता’ म्हणत. मी चिडवायची, की सरकारचा आहे हो, तुमच्या नावाचा एक दगड तरी आहे का तिथे? मग ते वरणातला रस्ता भातात कालवून टाकत आणि मला उगाच बोलले असं वाटे.

चार वर्षांनी ते कायमचे परत आले. त्यानंतर काही वर्षांनी, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, तो आमच्या दारात उभा राहिला. तेव्हा तो ‘तो’ होता. ‘हे’ व्हायला पुढे बराच उशीर लागला.

बाबांचा रस्ता ज्या डोंगराच्या पायथ्याने जात होता, त्या डोंगराच्या धारेवर एक जुना बाजार होता. तो तिथला. त्याच्या वडिलांची तिथे भट्टी होती, म्हणजे वाटसरूंनी, हमालांनी दोन घास खाऊन रात्रभर टेकायची जागा. रस्त्याच्या सर्व्हेच्या दिवसांत बाबा तिथेच जेवत. आपल्या सरकारने तिकडच्या मुलांना इंजिनिअरिंग शिकायला शिष्यवृत्त्या दिल्या होत्या, त्यातली एक याला मिळाली आणि गाव मिळालं नागपूर. रस्ता द्यायचा आणि तो सांभाळणारी माणसंही आपल्याकडेच शिकवायची, म्हणजे पुढचं यंत्र, पुढचा सुटा भाग, पुढचा सल्लासुद्धा आपल्याकडूनच जातो. हा हिशेब मला फार पुढे कळला. त्या दिवशी एवढंच दिसलं की एक बुटका, गोरटेला, अत्यंत सभ्य मुलगा हातात संत्र्यांची टोपली घेऊन उभा आहे. नागपूरला संत्री घेऊन येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला हसू आवरेना.

“घरची आहेत,” तो हिंदीत म्हणाला. “आधी झाडाखालीच सडायची. भरियाच्या पाठीवरून खाली सपाटीला न्यायची तर संत्र्यापेक्षा पाठ महाग पडायची. आता ट्रक येतो.” भरिया म्हणजे त्यांच्याकडचा डोंगरी हमाल. बाबांनी एक संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली आणि आमच्याकडे असं पाहिलं, की जणू झाडही त्यांनीच लावलं होतं.

मग दर रविवारी तो जेवायला येऊ लागला. पहिल्याच रविवारी तो प्रकार झाला. आईने हातातल्या पळीने त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं आणि मला म्हणाली, “त्याले भात वाढ वं.” मी उठायच्या आत तोच उठला. भाताचं पातेलं उचललं आणि बाबांना, मला, आईला, सगळ्यांना अदबीने भात वाढायला लागला. आई ‘हां हां’ करत उठली. पाहुण्याने घरच्यांना वाढायचं? तिने पातेलं धरलं, त्याने सोडलं नाही, आणि दोघं पातेल्याची ओढाताण करत उभे राहिले. बाबा मात्र ठसका लागेपर्यंत हसत होते.

उलगडा बाबांनीच केला. आम्ही नागपूरकडचे लोक ‘ला’च्या ऐवजी ‘ले’ म्हणतो. मले, तुले, त्याले. भावाले दिलं म्हणजे भावाला दिलं. नेपाळीतही हा ‘ले’ आहे, अगदी तसाच आहे, फक्त उलटा आहे. ‘भाइले दियो’ म्हणजे भावाने दिलं. आमचा ‘ले’ घेणाऱ्याला चिकटतो, त्यांचा देणाऱ्याला. ‘त्याले भात’ एवढं ऐकून त्या बिचाऱ्याला वाटलं, या घरात पाहुण्याने भात वाढायची रीत असेल.

“मलेबी सुरुवातीले असंच झालं होतं,” बाबा म्हणाले. “रस्त्याच्या कडेले पाटी लावली होती तिथल्या लोकायनं. भारतले बनाएको बाटो. बाटो म्हंजे रस्ता. मी म्हटलं, वा रे वा! आमी इथं मरमर करून राहिलो तुमच्यासाठी, आन तुमी म्हंता भारतासाठी बनवला? त्याच्या बापाशीच भांडलो मी भट्टीत.”

“मग बाबा काय म्हणाले माझे?” त्याने हिंदीत विचारलं.

“ते म्हणाले, दोन्ही खरंच असेल, साहेब. जेवा.”

सगळे हसलो. तोही हसला, पण जरा उशिराने. मला तो उशीर आवडला. खरं सांगायचं तर मला तो त्याच रविवारी आवडला.

पुढे तो बोलू लागला, तेही आमच्याकडूनच शिकलेल्या मराठीत, त्यामुळे त्याची मराठी पक्की नागपुरी झाली. कॉलेजातल्या पुणेरी प्राध्यापकाला ‘का’ऐवजी ‘काहून सर?’ विचारून त्याने बोलणी खाल्ली होती. रस्त्याबद्दल मात्र तो बाबांसारखा नुसता फुशारक्या मारत नसे. त्यांचा बाजार वर धारेवर होता आणि रस्ता खालून, नदीकाठाने गेला. पूर्वी सपाटीवरून मीठ, कापड, रॉकेल पाठीवर घेऊन हमालांच्या रांगा चढायच्या, त्या बाजारात मुक्काम करायच्या. रस्ता झाला आणि रांगा बंद झाल्या. भट्ट्या ओस पडल्या. पितळेची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत ठोके थांबले, कारण ट्रकमधून ॲल्युमिनियमची स्वस्त पातेली आली. पण मीठही स्वस्त झालं. बाळंतीण अडली तर ती खाली दवाखान्यापर्यंत पोचू लागली. त्याच्या वडिलांनी शेवटी वरची भट्टी बंद केली आणि खाली रस्त्याच्या वळणावर चहाचं दुकान टाकलं. आधी हमाल जेवत, आता आपल्याकडचे सरदारजी ड्रायव्हर जेवतात.

“बाबांनी रस्ता बाजारातून न्यायला पाहिजे होता,” मी एकदा म्हणाले.

“चढ बसत नव्हता,” बाबा आणि तो एकाच वेळी म्हणाले. दोन रस्तेवाल्यांमध्ये आपलं काही चालणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चिन्यांचा रस्ताही पुढे त्यांच्या भागात येऊन मिळाला. बाजारातल्या लोकांना मग एक नवीनच विद्या आली. आपल्या अधिकाऱ्यापुढे चिन्यांच्या पुलाचं कौतुक करायचं, चिन्यांपुढे आपल्या डांबराचं. लग्नात दोन जावयांना एकमेकांचे आहेर दाखवावेत तसं. एका नाल्यावरचा पूल त्यांनी असाच मिळवला, असं तो सांगायचा. बाबांना हे रुचायचं नाही. “आमी काय रुसव्याचे जावई हाओ?” म्हणायचे.

आणि रस्ता एकाच दिशेने वाहत नाही, हे त्यांना नागपुरातल्याच जरीपटक्याच्या बाजाराने शिकवलं. मी तिथून एक घडीची छत्री आणली. बटण दाबलं की फटकन उघडणारी, निळी, झकास. दुकानदार डोळा मिचकावून म्हणाला होता, “नेपाल का माल है, बहनजी.” बाहेरच्या देशांतलं नायलॉन, टॉर्च, पेन, छत्र्या आधी तिकडे उतरायच्या आणि मग डोंगर उतरून गुपचूप आपल्याकडे यायच्या. बाबांनी छत्री उघडली, मिटली, आणि रागाने लाल झाले. “म्हंजे माझ्याच रस्त्यानं चोरीचा माल आणून राहिले!” ती छत्री आमच्या घरात पावसात कधी उघडली गेली नाही. मी उन्हात वापरली.

एका वर्षी दोन्ही सरकारांमध्ये व्यापाराच्या करारावरून बिनसलं आणि सरहद्दीवर रॉकेलचे, मिठाचे ट्रक अडले. तो रविवारी आला तो जेवायला बसलाच नाही. त्याच्या घरी दिवा नव्हता, चूल होती म्हणून भागत होतं. हमाल तर केव्हाच खाली सपाटीला मजुरीला निघून गेले होते, त्यामुळे जुन्या वाटेने काही आणायचं म्हटलं तरी आणणार कोण? तो बाबांना म्हणाला, “माझे बाबा म्हणतात, रस्ता तुमचा, कुलूपही तुमचंच.” बाबा तडकले. आम्ही दिला, आम्ही बांधला, आमची चार माणसं तिथे दरडीखाली गेली, असं बरंच बोलले. तोही बोलला. मी दारात उभी राहून दोघांवरही चिडले होते, आणि कोणावर जास्त चिडले ते मला ठरवता येत नव्हतं. दोन सरकारं कुठे तरी लांब बसून रुसली होती आणि आमच्या घरातली भाजी गार होत होती.

पुढच्या रविवारी तो आला. बाबांनीच निरोप पाठवून बोलावला होता. भांडणानंतर परत येणारी माणसं मला आवडतात. आमच्यात ठरलं ते त्याच महिन्यात, अंबाझरीच्या तलावाकाठी भाजलेले दाणे खाता खाता, आणि अगदी साध्या शब्दांत. त्याने विचारलं, मी हो म्हणाले, आणि मग दोघांनाही भीती वाटली.

शेजारीण आईला म्हणाली, “गुरख्याले देता पोरगी?” नागपुरात तेव्हा नेपाळी माणूस म्हटला की रात्री शिट्टी फुंकणारा गुरखाच डोळ्यापुढे यायचा. मी भांडायला निघाले, तर हाच म्हणाला, “गुरखा म्हणाली तर म्हणू दे. माझा मामा आहे मुंबईत, शिट्टीच फुंकते.” मी दारातूनच परत फिरले.

खरी भिंत शेजारीण नव्हती. बाबा होते. कारण सांगत नव्हते. “नाई जमत,” एवढंच. जात म्हणावं तर त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. लांब म्हणावं तर ते स्वतः चार वर्षं तिथे राहिले होते. त्या मुलाला दर रविवारी शेजारी बसवून जेवतात, त्याच्या परीक्षेच्या दिवशी देवाला नारळ फोडतात आणि मुलगी द्यायची म्हटली की नाही म्हणतात. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून बापाशी अबोला धरणं किती जड जातं, ते धरलेल्यालाच ठाऊक. तिकडे त्याचे वडीलही राजी नव्हते. त्यांची भीती निराळी होती. ती पुढे त्यांच्याच तोंडून ऐकली.

शेवटी आईने मध्ये पडून बैठक ठरवली. “नाई म्हनाचं असंन तं समोरासमोर म्हना,” ती बाबांना म्हणाली. त्याचे वडील त्या रस्त्याने बसने, मग रेल्वेने, पहिल्यांदाच एवढे लांब आले. कुहीहून मोठेबाबा आले, बाबांचे थोरले भाऊ, धानाची शेती करणारे, घरात शेवटचा शब्द त्यांचा. भिवापूरहून मामा आला. नवऱ्यामुलाने बैठकीला बसायचं नसतं, म्हणून तो होस्टेलवर. मी चहा देऊन आत पडद्यामागे, आईजवळ.

त्याचे वडील बारीक, वाळके, पांढरी टोपी घातलेले. हिंदी मोडकीतोडकी. त्यांनी पहिला प्रश्न बाबांनाच विचारला. “साहेब, पुन्हा सरहद्द बंद झाली, रॉकेल अडलं, तर माझ्या बाजारातले लोक या मुलीकडे बघतील. म्हणतील, हिच्या माहेराने अडवलं. तेव्हा मी त्यांना काय सांगू?” बाबांनी मान खाली घातली. मग त्याचे वडीलच म्हणाले, की मी माझ्या मुलाला हे सगळं सांगितलं, तो ऐकत नाही, तेव्हा मीच आता लोकांना सांगेन काय सांगायचं ते. म्हणजे त्यांच्याकडून होकार होता. पडद्यामागे आईने माझा हात घट्ट धरला.

मोठेबाबांना सरहद्दीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. “ते ठीक हाये. पन देन्याघेन्याचं काय म्हंता, पाहुनं?”

पाहुणे खुलले. या विषयावर आपण समोरच्याला खूश करू शकतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. हिंदी सुचेना तेव्हा ते आपल्याच भाषेत गेले, आणि दोन्ही हात पसरून, हसत म्हणाले, “छोरीले केही दिनु पर्दैन. केही पनि पर्दैन.”

मोठेबाबांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली.

“आयकलं?” मोठेबाबा मामाकडे वळले. “पोरीले काहीच द्याचं नाई म्हंते! लुगडं नाई, मंगळसूत्र नाई, एक मनी बी नाई!”

“आन वरतून हासून राहिले,” मामा म्हणाला.

पाहुण्यांना हे काहीच कळलं नाही, म्हणून ते आणखी हसले. मोठेबाबा उठून उभे राहिले आणि खांद्यावरचा दुपट्टा झटकला. आमच्या घरात हा दुपट्टा झटकला गेला की त्या विषयावर पुढे कोणी बोलत नसे.

मला लगेच कळलं होतं. मी वाट पाहत होते ती बाबांची. भाताच्या पातेल्याची गंमत ज्यांनी आम्हाला समजावली, ज्यांनी चार वर्षं त्या भाषेत हजारो मजुरांना हाका मारल्या, ते आता बोलतील, मोठेबाबांना खाली बसवतील. पडद्याच्या फटीतून मला ते दिसत होते. ते पायाजवळच्या फरशीकडे पाहत बसले होते. त्यांना कळलं होतं. आणि ते बोलत नव्हते.

असा राग मला आयुष्यात पुन्हा आला नाही. मी पडदा सारून बाहेर आले. बैठकीत मुलीने तोंड उघडायचं नसतं, पण ते बापानेही मिटायचं नसतं.

“मोठेबाबा, बसा. तुमी चुकून राहिले. त्यायच्यात ‘ले’ देनाऱ्याले लागते. पोरीकडच्यायनं काही द्याचं नाई, असं म्हनून राहिले ते. हुंडा नको म्हंतात.”

मोठेबाबा माझ्याकडे पाहतच राहिले. आतून आईचा आवाज आला, “हाव नं! त्यादिवशी त्या पोट्ट्यानं तसाच तं भात वाढला होता आमाले!” मोठेबाबांना भाताचं काही कळलं नाही, पण हुंडा नको एवढं बरोबर कळलं. ते बसले.

मी बाबांकडे वळले. कित्येक आठवड्यांनी त्यांच्याशी बोलत होते. “तुमाले तं समजलं होतं नं, बाबा?”

“समजलं होतं.”

“मंग काहून नाई बोलले?”

बाबा माझ्याकडे न बघता पाहुण्यांशी बोलू लागले. त्यांच्याच भाषेत, अडखळत. मला अर्धं कळलं, उरलेलं त्यांनी नंतर सांगितलं. ते म्हणाले, तो रस्ता मी बांधला आहे. कुठे किती पाणी मुरतं, ते मला माहीत आहे. पलीकडून चिन्यांचा रस्ता पुढे सरकत होता, आणि आम्हाला वरून सारखं सांगणं होतं, की पावसाच्या आत गाड्या सुरू झाल्या पाहिजेत, आधी आपण पोचलो पाहिजे. आम्ही पोचलो. पण डोंगर धरून ठेवणाऱ्या भिंती कितीतरी ठिकाणी राहिल्याच. मी बोललो होतो, मग बोलायचं सोडलं. आता दर पावसाळ्यात डोंगर खाली येतो. ट्रक अडकले तर अडकोत, माल नासला तर नासो, मी तेव्हा तेवढाच विचार केला. माझी पोरगी त्या दरडीच्या पलीकडे असेल असं कुठे ठाऊक होतं? तिला काही झालं, तर मी तिच्यापर्यंत पोचायचा कसा?

बोलता बोलता ते रडू लागले. आमच्या बाबांना मी रडताना पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि मला त्यांची लाज नाही वाटली, फक्त जवळ जाऊन बसावंसं वाटलं. मी बसले. ज्या रस्त्याच्या गप्पांवर आम्ही लहानाचे मोठे झालो, त्या रस्त्यावर या माणसाचा स्वतःचाच भरवसा नव्हता. एवढं ओझं त्यांनी कोणाला न सांगता बाळगलं होतं.

त्याचे वडील शांतपणे ऐकत होते. मग टोपी सरळ करून एवढंच म्हणाले, “पहिला पनि हिँड्थ्यौं, साहेब.”

“काय म्हंते?” मोठेबाबांनी विचारलं.

बाबांनी डोळे पुसले. “म्हंतात, आधीबी चालतच होतो. रस्ता नव्हता तरी येनंजानं होतंच. रस्ता गेला तं चालत घेऊन येईन म्हंतात तिले.”

मोठेबाबांनी थोडा विचार केला. “त्यात काय? कुहीहून नागपूरले आमी बी बैलगाडीची चाकं चिखलातून ओढतच येत होतो. कोनी पोरी द्याच्या राहिल्या का?” आणि आईला म्हणाले, “चहा आन वं. गार झाला हा.”

लग्न नागपुरातच झालं. वळणावरच्या त्या दुकानाच्या वर, लाकडी माडीवर माझा संसार सुरू झाला. खाली फळीवर चिनी थर्मास आणि आपल्याकडच्या काड्यापेट्या शेजारी शेजारी मांडलेल्या असत. हे, म्हणजे आता ‘हे’ झालेले, तिथल्याच रस्त्यांच्या कामावर लागले. सुरुवातीला बाजारातल्या बायका मला ‘रस्तेवाल्याची पोरगी’ म्हणत. त्यात थोडं कौतुक असे, थोडा टोमणा. मी भाषा शिकले. माझा ‘ले’ अधूनमधून उलटा पडायचा, आणि घेणारा कोण, देणारा कोण यावर दुकानात हशा पिकायचा. मी चिडायची, मग तीच गंमत मीच सांगू लागले. पहिली दोन वर्षं पाऊस बेताचा झाला, रस्ता टिकला. बाबा येऊन गेले, संत्री खाऊन गेले.

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे दोन्हीकडे मान्य होतं. निघायचं म्हटलं तेव्हा सातवा सरत आला होता, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या वळणाच्या खालचा डोंगर रस्त्यासकट नदीत गेला. हे कामावर पलीकडच्या खोऱ्यात अडकलेले. सासऱ्यांनी सकाळी दाराशी एक मोठी बांबूची टोपली आणून ठेवली. भरिया जी पाठीवर घेतात, पट्टा कपाळाला लावून, तीच. तिला त्यांच्याकडे ‘डोको’ म्हणतात. आत गोधडी घातलेली होती. मी सासऱ्याच्या डोकोत बसून माहेरी आले, असं मी नागपुरात सांगते तेव्हा ऐकणारे ‘डोक्यावर’ असं ऐकतात, आणि माझ्या स्वभावाकडे पाहून त्यांना ते पटतंही.

सोबत बाजारात उरलेले दोन जुने हमाल होते. चांगल्या वाटेवर ते मला आळीपाळीने नेत. पण जिथे डोंगर कोसळला होता, जिथे खाली नुसता चिखल आणि नदी होती, तेवढ्या सगळ्या वाटेवर सासऱ्यांनी दुसऱ्या कोणाला मला उचलू दिलं नाही. चहावाले, वाळके, पन्नाशी उलटलेले. मी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

दरडीपलीकडे बस मिळाली, पुढे रेल्वे. नागपूर स्टेशनवर आईबाबा दोघेही आले होते. आधी सासरे उतरले, मग मला हात देऊन उतरवलं. आई माझ्या पोटाकडे आणि सुजलेल्या पायांकडे पाहून झाल्यावर सासऱ्यांकडे पाहू लागली, आणि माझ्या कानाशी लागली. “व्याह्यायनं आडवं गंध काहून लावलं वं? आन तेबी लाल?”

बाबांनी मात्र ओळखलं. तो पट्ट्याचा वळ होता. चार वर्षं त्यांनी तो रोज हमालांच्या कपाळावर पाहिला होता. हमालांची कातडी तिथे घट्ट झालेली असते. दुकानदाराच्या कपाळाला तशी सवय नसते. सासऱ्यांचं कपाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सोललं होतं.

“कितना चले?” बाबांनी विचारलं.

“थोरै,” सासरे म्हणाले. थोडंसंच. आणि माझ्याकडे बोट दाखवून हिंदीत जोडलं, “हलकी है.”

मी हलकी नव्हते. बाबांना ते दिसत होतं.

मुलीचा बाप व्याह्यापुढे वाकतो, ही आमच्यातली रीत. लग्नात बाबा वाकले होते तेव्हा मला त्याचा राग आला होता. त्या दिवशी फलाटावर, हमालांच्या, चहावाल्यांच्या गर्दीत, बाबा पुन्हा वाकले आणि त्यांनी सासऱ्यांचे पाय धरले. सासरे त्यांना उठवत होते, बाबा उठत नव्हते, आणि मागचे लोक ‘चलो चलो’ म्हणून ओरडत होते. मला राग आला नाही. माझे डोळे भरून आले होते आणि पाय दुखत होते, दोन्ही एकदम. शेवटी मीच म्हणाले, “उठा नं बाबा, मले उभं राह्यवत नाई.”

तेव्हा ते उठले. हमाल माझी ट्रंक उचलायला वाकला होता. बाबांनी त्याला बाजूला केलं आणि ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन पुलाच्या पायऱ्या चढू लागले.